बाबांच्या सायकलवर विहीण

माझी आत्या रामपायलीची, आणि शिव्या देण्यात तिचा हात धरणारं आसपासच्या दहा गावांत कोणी नव्हतं. हे मी कौतुकानं सांगते आहे. तिच्या शिव्या गाण्यातल्या होत्या आणि फक्त लग्नातल्या होत्या. वरमाय जानवशाहून मांडवाकडे निघाली की मुलीकडच्या बायकांनी तिला गाण्यातून शिव्या घालायच्या, अशी आमच्याकडची रीत. वरमायेनं त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, आणि शिव्या कमी पडल्या तर मात्र रुसून बसायचं. आत्या असली की तशी वेळ येत नसे. लोक मुहूर्त काढताना आधी भटजींना विचारत आणि मग आत्याकडे माणूस पाठवत, की त्या दिवशी तुम्ही मोकळ्या आहात ना.

धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना चिखलात वाकल्या वाकल्या ती गाणी जुळवायची. साचा एकच. विहीण, म्हणजे आमच्या बोलण्यातली 'इहीन', बाजाराला निघते, वाटेत तिला कोणीतरी भेटतो आणि ती त्याच्याबरोबर पळून जाते. तो कोणीतरी कोण, यातच सगळी गंमत. तो नेहमी विहिणीपेक्षा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीचा असायचा. त्याच्या जातीचं नाव सरळ घेतलं जात नसे, थोडं मोडून, थोडं चेपून घेतलं जाई. धोबी असेल तर धोबडा. आत्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं त्याच धोबड्याचं होतं.

*इहीन निघाली बजाराले,*
*धोबडा भेटला वाटेले,*
*बसली त्याच्या गाढवावर,*
*कोन सांगन याह्याले?*

याही म्हणजे विहिणीचा नवरा. 'कोन सांगन याह्याले' इथं आत्या डोळे मोठे करून अशी काही थांबायची, की समोरचे व्याही खरोखरच आपली बायको जागेवर आहे का ते बघायचे.

जातींची नावं मोडून घ्यायची सवय काही आत्या एकटीची नव्हती. आमच्या घरात अख्खं नाव कोणत्याच जातीच्या वाट्याला येत नसे. बाबा कचेरीत हेडक्लार्क. अर्जातला ऱ्हस्वदीर्घ चुकला तर त्यांना जेवण गोड लागत नसे, पण दारातून हाक मारताना 'ए गवळ्या', 'ए न्हाव्या' असंच. त्यात कोणाचा अपमान होतो असं त्यांच्या मनात यायचं नाही. पण मी शाळेत जायला लागले त्याच सुमाराला राज्याची राजधानी नागपूरची भोपाळ झाली आणि कचेरीत नवे हिंदी साहेब यायला लागले. त्यांतल्या एकानं बाबांना सगळ्यांसमोर 'ए मरेठा बाबू' अशी हाक मारली. बाबा घरी आले, कोट खुंटीला लावला आणि न जेवता उठले. दोन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दारातून हाक मारली, 'ए गवळ्या, दूध पातळ आहे आज.' तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आता आठवलं की त्यांचा राग येतो आणि हसूही येतं.

पण बाबांवर रागवायचा मला काय अधिकार? मी त्यांच्यावर कडी केली होती.

आमची मुलींची शाळा हिंदी. वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून एका बाकावर बसायचो. दुसरी होती वरठीणबाईंची मुलगी. कपडे धुणाऱ्याला आमच्याकडे वरठी म्हणतात. तिची आई आमच्याच गल्लीतले कपडे वैनगंगेवर नेऊन धुवायची. मुलगी हुशार, विशेषतः गणितात, आणि मी तिच्या वहीतून गणितं उतरवून घ्यायची. आठवीला त्या वेळी बोर्डाची परीक्षा असे. त्यांच्या घरात तोवर कोणी त्या परीक्षेला बसलं नव्हतं. तिचे काका म्हणत, पोरगी शिकून का नदीला हिशेब शिकवणार? तिची आई त्यांना उत्तर देत नसे, फक्त रोज सकाळी मुलीचा शाळेचा झगा स्वतः इस्त्री करून देई. वर्गात एवढा कडक झगा तहसीलदारांच्या मुलीचासुद्धा नव्हता.

वर्गातल्या हिंदी मुलींनी आम्हा दोघींसाठी एक गाणं केलेलं होतं. 'मरेठी मरेठी, इमली खा के बैठी.' चिंचेशी आमचा काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ती ते ऐकून खांदे उडवायची. मला मात्र रडू यायचं, आणि रडले की त्या आणखी म्हणायच्या. त्या वर्षी मार्गशीर्षात रामपायलीला आतेभावाच्या मेहुणीचं लग्न झालं. तिथून मी आत्याचं धोबड्याचं गाणं तोंडपाठ करून आले. सोमवारी मधल्या सुट्टीत पुन्हा 'मरेठी मरेठी' सुरू झालं, तेव्हा मी म्हटलं, हे काय गाणं आहे, मी तुम्हाला खरं गाणं म्हणून दाखवते. मी आत्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, डोळे मोठे केले आणि ते गाणं म्हटलं. वर त्याचं हिंदीही करून सांगितलं.

मी त्या दिवशी फार गाजले. मुली हसून हसून एकमेकींवर पडल्या. माझी चिंच कायमची सुटली. दुसऱ्या दिवसापासून ते गाणं तिच्यावर सुरू झालं. ती वर्गात आली की कोणीतरी गाढवासारखं ओरडायचं, कोणी तिच्या झग्याची इस्त्री चुरगाळायचं आणि विचारायचं, 'तेरा गधा कहाँ है?' मी म्हणत नव्हते. मी थांबवतही नव्हते. मी वहीत तोंड घालून बसायची, आणि वही बहुतेक तिचीच असायची. तीनचार आठवडे तिनं खांदे उडवून पाहिले. मग ती शाळेत यायची बंद झाली.

मी स्वतःशी ठरवून टाकलं की तिला हिवताप झाला असेल. आमच्याकडे तेव्हा हिवताप कोणालाही, केव्हाही होत असे, त्यामुळे ते पटायलाही सोपं होतं.

माघाच्या शेवटी माझ्या ताईचं लग्न होतं. मुलगा तिरोडीचा, तिथल्या मँगनीजच्या खाणीवर कारकून. होणाऱ्या विहीणबाई अंगानं भरदार, बोलायला कमी आणि बघायला करारी. त्या साखरपुड्याला आल्या तेव्हा आईनं तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा त्यांनी 'बरा आहे' म्हटलं, एवढ्यावर आई आठ दिवस काळजीत होती. वऱ्हाड येऊन उतरलं ते गल्लीच्या टोकाला, मारवाडी शेटजींच्या घरी. तिथून आमच्या मांडवापर्यंत फार तर शंभर पावलं. पण ती शंभर पावलं विहीणबाईंनी जमिनीला पाय न लावता यायचं होतं.

पायघड्यांची रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. वरमायेच्या पुढे धुतलेली, पांढरी, लांब लांब कापडं अंथरतात. ती एका कापडावरून चालत गेली की मागचं उचलून पुढे टाकायचं. हे काम वरठ्यांचं, दुसऱ्या कोणी करायचं नाही. आमच्या वरठीणबाई आल्या होत्या, दोन कापडं घेऊन. वाजंत्री पुढे, बायका दोन्हीकडे, मांडवाच्या दारात बाबा काळा कोट घालून हात जोडून उभे, आणि मी विहिणीच्या पायांवर घालायच्या पाण्याचा तांब्या धरून त्यांच्याजवळ. कचेरीतले झाडून सगळे लोक आलेले.

विहीणबाई निघाल्या. आत्यानं घसा साफ केला. पहिली दोन गाणी साधी होती, विहिणीच्या नाकाबद्दल आणि तिनं सुनेसाठी आणलेल्या शालूबद्दल. विहीणबाई तोंड वाकडं करून छान चालत होत्या. शेटजींच्या घरापासून आमच्या दाराकडे निम्मी वाट सरली तेव्हा आत्यानं राखून ठेवलेलं गाणं काढलं.

'इहीन निघाली बजाराले, धोबडा भेटला वाटेले...'

वरठीणबाईंनी मागचं कापड उचललं, नीट घडी केली, आणि ते पुढे टाकायच्या ऐवजी जमिनीवर ठेवून त्या त्याच्यावर बसल्या.

विहीणबाई आपल्या कापडाच्या शेवटच्या टोकाशी येऊन थांबल्या. पुढे धूळ. मागे धूळ. वाजंत्रीवाल्यांना आधी कळलं नाही, ते वाजवत दहा पावलं पुढे गेले आणि मग मागे वळून पाहून एकेक करत बंद पडले.

'काय झालं वो?' आत्या म्हणाली.

'गानं बदला,' वरठीणबाई म्हणाल्या. 'मंग पुढचा कपडा टाकतो.'

'काहून? हेच गानं गाते मी दर लग्नात. तुही सासू होती तवा ते बी आयकत होती, अन् हासत होती.'

'सासूले लुगडं भेटत होतं, म्हनून हासत होती. मले नाई पाहिजे लुगडं.' त्यांचा आवाज चढला नव्हता. 'माह्या पोरीनं शाळा सोडली ह्या गान्यापायी. कोन्तरी पोरीनं हे गानं शाळेत नेलं. महिना झाला, घाटावर कपडे आपटून राह्यली ते. चैतात तिची परीक्षा आहे.'

माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी हलायला लागलं. आता त्या माझ्याकडे बोट करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबा शेजारी उभे, सगळी कचेरी उभी, तिरोडीचे नवे पाहुणे उभे. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आत्याकडेच बघत होत्या.

वराकडच्या दोघीतिघी तरुण बायकांनी कुरकुर सुरू केली, हा काय तमाशा, आमच्या बाईंना असं रस्त्यात उभं करायचं. तेव्हा विहीणबाई पहिल्यांदा बोलल्या.

'अवो, शिवी मले आहे का इले आहे, हे तं ठरवा पयले! इले असन, तं मी काहून तोंड वाकडं करून राह्यली इतका वेळ?'

आत्याला हा आपल्या कलेचाच प्रश्न वाटला. तिनं पदर खोचला. 'बरं बाई. धोबडा काढते. न्हावी घालते.'

आमचे न्हावी नवरदेवाच्या डोक्यावर छत्री धरायला म्हणून बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, 'घाला आत्याबाई. पन नवरदेवाची हजामत मीच केली सकाळी, अन् तुमच्या भावाची उद्या करा लागते. वस्तरा माह्या हाती असते, येवढं ध्यानात ठेवा.'

बाबांचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

'मंग कुंभार,' आत्या म्हणाली. मांडवाच्या कोपऱ्यात लग्नाच्या मडक्यांची उतरंड रचून कुंभारीणबाई बसल्या होत्या. त्यांनी वरचं मडकं काढून मांडीवर घेतलं. मग त्याच्या खालचं.

'राहू द्या, राहू द्या,' आई ओरडली.

आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर उकव्याच्या जंगलातून पत्रावळींसाठी माहुलीच्या पानांची गाडी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या गोंडावर गेली. तो बिचारा चहा पीत उभा होता. आत्यानं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, 'वन्सं, नाही हं. सगळ्यांचं जेवण त्याच्याच पानांवर आहे.' मग शेटजींकडे पाहिलं, तर वऱ्हाड त्यांच्या घरात उतरलेलं. वाजंत्रीवाल्यांकडे पाहिलं, तर सनईवाल्यानं सनई काखेत घातली. विहीणबाई एकाच कापडावर उभ्या राहून एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर भार देत होत्या.

'अवो, मंग कोनाची जात घालू मी?' आत्या रडकुंडीला आली. 'सारे तं इथंच उभे हायेत!'

'तुमची घाला,' वरठीणबाई म्हणाल्या.

'आमची?' आत्याला खरोखरच नवल वाटलं. 'आमची घातली, तं त्यात शिवी काय राह्यली?'

ती हे अगदी साधेपणानं बोलून गेली. बोलल्यावर तिनं स्वतःच ते ऐकलं. आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

'हेच म्हनून राह्यली मी,' वरठीणबाई म्हणाल्या.

आत्याच्या तोंडाकडे मी पाहत होते. मला वाटलं, आता ती चिडणार. ती चिडकी होतीच, आणि रामपायलीत तिला कोणी उलटून बोलत नसे. तिचा चेहरा लाल झाला होता. पण ती गाणारी बाई होती, समोर अडीचशे माणसं होती आणि अर्धं गाणं हवेत लटकत होतं. तिनं एकदा वरठीणबाईंकडे पाहिलं, एकदा विहीणबाईंकडे, आणि मग मांडवाच्या दारात हात जोडून उभ्या असलेल्या तिच्या सख्ख्या भावाकडे. त्यांच्यामागे भिंतीला त्यांची सायकल टेकवलेली होती, काळी, तेल दिलेली, कोणालाही हात लावू न दिलेली.

*इहीन निघाली बजाराले,*
*हेडकिलार्क भेटला वाटेले,*
*बसली त्याच्या सायकलवर,*
*कोन सांगन वहिनीले?*

वहिनी म्हणजे माझी आई. आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण तिचे खांदे हलत होते. बाबांच्या बाबतीत तिला असं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी जोडलेले हात सोडायचे की तसेच ठेवायचे हे त्यांना ठरवता येईना. कचेरीतले लोक आधी एकमेकांकडे बघत होते. मग डाकेच्या टेबलावरचा एक म्हातारा कारकून फुटला आणि त्याच्यामागून सगळेच. आणि त्या हसण्याच्या वर, तिरोडीच्या त्या करारी विहीणबाईंचा आवाज आला.

'सायकल साधी आहे का डबलसीट? आधी सांगा, मंग बसतो.'

वरठीणबाई उठल्या. त्यांनी घडी उलगडली, कापड झटकलं आणि पुढे टाकलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी ते कापड टाकून वर हातानं सुरकुत्याही काढल्या. विहीणबाई मांडवात आल्या, मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि निम्मं माझ्याच पायांवर सांडलं.

पुढचं सांगून टाकते, कारण ते आठवलं की मला थांबवत नाही. त्या दिवसानंतर आत्याच्या गाण्यांतून जाती हळूहळू गेल्या. खुशीनं गेल्या असं नाही. 'आता तोंडाले कुलूपच लावाचं का?' असं ती कितीतरी वर्षं कुरकुरत होती. जातींच्या जागी सरकारी खाती आली. विहीण जंगलखात्याच्या रेंजरबरोबर पळाली, मोटारीच्या कंडक्टरबरोबर पळाली, आणि सत्तरनंतर कुटुंबनियोजनवाल्याबरोबरसुद्धा पळाली. त्या गाण्याला वारासिवनीच्या एका लग्नात बायका एवढ्या हसल्या की अक्षता टाकायच्या राहिल्या. पण एका लग्नात तिनं पटवाऱ्याचं गाणं घातलं, तर समोर खरा पटवारी निघाला आणि रागानं न जेवता गेला. तेव्हा आत्या वैतागली आणि तिनं कायमचा एकच माणूस धरला. पेन्शनीत गेलेले बाबा ओसरीवर बसून लोकांना सांगायचे, 'जिल्ह्यातल्या सगळ्या विहिणी माझ्याच सायकलवरून गेल्या. मी अजून घरीच आहे.' त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. 'ए गवळ्या' मात्र लग्नानंतर लगेच सुटलं नाही. सुटायला चारपाच वर्षं लागली, आणि तेही आई प्रत्येक वेळी मागून 'हेडकिलार्क' असं हळूच म्हणायची म्हणून.

हे सगळं पुढचं. ताई सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी वैनगंगेच्या घाटावर गेले.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चादर आपटत होती. मला पाहून थांबली नाही. मी काठावर बसले. हिवताप नव्हताच, दंड चांगले भरले होते.

'त्या दिवशी तुझ्या आईनं माझं नाव घेतलं नाही,' मी म्हटलं.

'मायले माहीत नाई.'

'तू सांगितलं नाहीस?'

'नाई.'

'का?'

तिनं चादर पिळली. 'सांगितलं असतं, तं मायनं तुमच्या घरचं लगन सोडलं असतं. मले तुया ताईचं लगन पाहाचं होतं. शेटजीच्या माडीवरून पाह्यलं मी. तुया हातचा लोटा कसा हालत होता, ते बी पाह्यलं.'

मला रडू आलं. शाळेत यायचं तसंच आलं. ती तेही बघत राहिली, आणि गप्प हो असं काही म्हणाली नाही. मी म्हटलं, माझं चुकलं. मी वर्गातल्या मुलींना हसवायला गेले, म्हणजे त्या माझं सोडतील. तू शाळेत ये. मी त्यांना सांगेन, ते गाणं म्हणू नका.

'त्या तुह्यं आयकतीन?'

त्या ऐकणार नव्हत्या, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

'तू नवं गानं म्हन,' ती म्हणाली. 'आत्यानं केलं ते. शाळेत, मधल्या सुट्टीत. हिंदीत करून. जसं माह्यं म्हटलं होतं तसं, कमरेवर हात ठेवून. मी आयकाले येईन.'

मी म्हटलं, 'पण त्यात माझे बाबा आहेत.'

'त्यात माहा बाप होता,' ती म्हणाली, आणि पुढची चादर घेतली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी चांगली झोपले. लग्नाच्या आठवड्याचा शीण होता. सोमवारी मात्र मी घंटेच्या आधीच बाकावर जाऊन बसले. ती आली. कडक इस्त्रीचा झगा, दोन वेण्या. दारातच कोणीतरी गाढवासारखं ओरडलं. ती आमच्या बाकावर न बसता मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली.

मधली सुट्टी झाली. मी आंब्याच्या झाडाखाली उभी राहिले आणि म्हटलं, नवं गाणं आहे. मुली जमल्या. ती थोडी लांब, पाण्याच्या माठाजवळ उभी. मी कमरेवर हात ठेवले.

*समधन चली बजार को,*
*मिल गए बड़े बाबू,*
*बैठ गई साइकिल पे,*
*अब कौन करे काबू?*

मुलींना एवढं काही हसू आलं नाही. जिचा सगळ्यांवर दाब होता त्या मुलीनं विचारलं, कोण बडे बाबू? इथं मला पळता आलं असतं. कोणीतरी एक बडे बाबू, असं म्हणता आलं असतं. मी माठाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

'मेरे पिताजी,' मी म्हटलं.

मग हसू आलं. असं आलं की बहेनजी, म्हणजे आमच्या बाई, खिडकीत आल्या. बाबांना सगळं गाव ओळखत होतं, सायकललाही ओळखत होतं. दोन मुलींनी लगेच सायकल चालवायची नक्कल केली, एकीनं मागे बसून लाजायची. कोणी 'ट्रिन ट्रिन' सुरू केलं. तास सुरू झाला तरी फळ्याकडे पाठ वळली की कुठून तरी 'ट्रिन' यायचं. बाबा आता सायकलवरून कचेरीत जात असतील, कोट घालून, सरळ बसून, आणि त्यांना यातलं काही माहीत नसेल, हे माझ्या मनातून जाईना. गाढवाचा आवाज त्या दिवशी पुन्हा कोणी काढला नाही. एका वर्गाला एका वेळी एकच गाणं पुरतं.

शाळा सुटली. फाटकाबाहेरही माझ्यामागे 'ट्रिन ट्रिन' चालूच होतं. मी खाली बघून चालत होते आणि मनात ठरवत होते की उद्या माझं पोट दुखणार, परवाही दुखणार, आणि गरज पडली तर मला हिवतापही होणार. ती माझ्या बरोबरीनं चालत होती. केव्हापासून, ते मला कळलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथून ती घाटाकडे वळायची, तिथं ती थांबली. तिनं दप्तरातून गणिताची वही काढली आणि माझ्या हातात दिली.

'महिन्याचं राह्यलं आहे,' ती म्हणाली. 'तुहं तं राह्यलंच असन. शाळेतली गनितं उतरून आन यात, संगं सोडवू. मी उद्या येऊन राह्यली शाळेत. तू येशील ना?'

मागे कोणीतरी पुन्हा तोंडानं घंटी वाजवली. मी हौ म्हटलं.